हंगामाआधी जुन्या ट्रकचे डिझेल इंजिन: घरच्या आवारात देखभाल आणि सुधारणा

सातारा-सांगली भागात ऊस वाहणारे बरेचसे ट्रक पावसाळ्याचे महिने दारातच उभे असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कारखान्यांची धुराडी पेटली की मार्च-एप्रिलपर्यंत गाडीला उसंत मिळत नाही, आणि इंजिनाची जी कामे राहून गेलेली असतात ती नेमकी भरल्या गाडीत, कारखान्याच्या रांगेत डोके वर काढतात. म्हणून पुढे सांगितलेली कामे पावसाळ्याच्या उघडिपीत, सपाट आणि शक्यतो काँक्रीटच्या जागेवर, घाई नसताना करावयाची आहेत.

हा लेख यांत्रिक पंप असलेल्या इंजिनांपुरता आहे, म्हणजे ज्यात कॉमन रेल (सर्व इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून डिझेल देणारी, संगणकाने चालणारी पद्धत) नाही, डिझेल मोजून देण्याचे काम इनलाइन पंप करतो, अशा इंजिनांपुरता. टाटाचे ६९७ हे सहा सिलिंडरचे, ९७ मिलिमीटर बोअरचे (म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचे) ५,६७५ सीसीचे इंजिन आणि त्याच बोअरचे चार सिलिंडरचे ४९७ आपल्याकडे आजही पुष्कळ गाड्यांत चालू आहे; अशोक लेलँडची हिनो घराण्यातील इंजिनेही याच प्रकारची आहेत. या इंजिनांचे मोठे बळ असे की त्यांतील बहुतेक दोष डोळ्यांनी, कानांनी आणि साध्या मापकांनी सापडतात.

घरी कोणते काम करावे आणि कोणते करू नये याची रेषा माझ्या मते स्पष्ट आहे. जे काम फिलर गेज, टॉर्क पाना, प्रेशर गेज आणि मल्टिमीटर यांनी तपासता येते, ते मालकाने किंवा चालकाने स्वतः करावे. ज्याचे मोजमाप बेंचवरच होऊ शकते, म्हणजे पंपाचे कॅलिब्रेशन, नोझलचे (इंजेक्टरच्या फवारा मारणाऱ्या टोकाचे) प्रेशर, हेडचे फेसिंग, क्रँकचे ग्राइंडिंग, ते काम सांगली-मिरज, कुपवाड, कराड किंवा साताऱ्यातील पंप-नोझलच्या आणि लेथच्या जाणकार दुकानाकडेच द्यावे. आपल्या भागात विहिरीवरच्या डिझेल इंजिनांमुळे नोझल आणि टॅपेट हे शब्द घराघरांत ऐकलेले असतात, त्यामुळे हात घालायला कोणी कचरत नाही. कचरावे ते फक्त न मोजता पाना फिरवायला.

खोलण्याआधी मोजा

इंजिनाला हात लावण्यापूर्वी एक वही करावी आणि तिच्यात गाडीची आजची प्रकृती लिहून ठेवावी. थंड इंजिन किती सेल्फ मारल्यावर चालू होते, गरम असताना आयडलला आणि चढत्या फेऱ्यांवर ऑइल प्रेशर किती दिसते, पाण्याचा काटा कोठे स्थिरावतो, किती किलोमीटरला किती ऑइल भरावे लागते, या नोंदी नसतील तर काम झाल्यावर फरक पडला की नाही हे केवळ मनाच्या समजुतीवर राहते.

त्यानंतर धूर पाहावा. ओझ्यावर, चढाला काळा धूर येत असेल तर हवा कमी पडते आहे किंवा डिझेल जास्त जाते आहे. एअर क्लीनर चोंदलेला, नोझल टपकणारे, पंप वाढवून ठेवलेला, या तीन शक्यता याच क्रमाने तपासाव्यात, कारण पहिली सर्वांत स्वस्त आहे. थंड इंजिनातून येणारा पांढरा धूर थोड्या वेळाने निवळला तर तो न जळलेल्या डिझेलचा असतो, पण इंजिन तापल्यावरही तो सुटत नसेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर गास्केट किंवा हेडकडे संशय जातो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. लांब उतार इंजिनाच्या ब्रेकवर उतरून खाली आल्यावर पहिल्यांदा ॲक्सिलरेटर दिला की निळा लोट येत असेल तर व्हॉल्व्ह गाइड किंवा त्यांची सीले ढिली झालेली असण्याचा संभव अधिक. आणि चढाला, ओझ्यावर सतत निळा धूर येत असून ब्रीदरही (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणारी नळी) जोरात फुंकत असेल तर रिंगा गेल्या असे समजावे.

ब्रीदरमधून येणारी ही हवा, जिला आपले मिस्त्री 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात, ती बहुतेक जण ब्रीदरसमोर तळहात धरून अजमावतात. त्यापेक्षा एक अगदी साधे मोजमाप करता येते. पारदर्शक प्लास्टिकची नळी घेऊन ती फळीवर इंग्रजी यू अक्षराच्या आकारात बांधावी, तिच्यात निम्म्यापर्यंत पाणी भरावे, आणि एक टोक डिपस्टिकच्या नळीवर हवाबंद बसवावे. दुसरे टोक मोकळे ठेवावे आणि ब्रीदर नेहमीसारखा उघडाच असू द्यावा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलला आणि जास्त फेऱ्यांवर दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत किती मिलिमीटर फरक पडतो तो वहीत लिहावा. पहिल्या वर्षीचा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही, परंतु दर पावसाळ्यात त्याच पद्धतीने घेतलेल्या आकड्यांवरून रिंगा आणि बोअर किती झिजत आहेत ते स्वच्छ दिसते, आणि इंजिन बांधण्याचा खर्च हंगामाच्या आधी करायचा की पुढच्या वर्षावर टाकायचा हा निर्णय अंदाजावर राहत नाही.

एखादा सिलिंडर मिसिंग करत असेल तर तो शोधण्यासाठी आयडलवर एकेका इंजेक्टरच्या हाय-प्रेशर पाइपाचा नट अर्धा आटा ढिला करावा. चांगल्या सिलिंडरचा नट ढिला केला की इंजिन अडखळते. ज्याचा ढिला करूनही काही फरक पडत नाही तो सिलिंडर दुबळा आहे. हे करताना डोळ्यांवर चष्मा आणि नटाभोवती जाड फडके असावे, आणि बोटे कधीही फवाऱ्यासमोर नेऊ नयेत. इंजेक्टरमधून सुटणारे डिझेल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी आतील मांस सडून बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते, म्हणून तसे झाल्यास दुखण्याची वाट न पाहता त्वरित शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे.

सुरक्षिततेविषयी आणखी एवढेच. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी, नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये, आणि केबिन कलती करता येत असेल तर तिचा आधाराचा दांडा लॉक झाल्याची स्वतः खात्री करावी. हाताशी एक सपाट, जाड फळीही ठेवावी; तिचे काम पुढे येईल.

ऑइल: किलोमीटरवर नव्हे, तासांवर

ऊस वाहणाऱ्या गाडीचे ऑइल किलोमीटर पाहून बदलणे ही आपल्याकडची सर्वांत महागात पडणारी सवय आहे. कारखान्याच्या रांगेत गाडी पुढे सरकवण्यासाठी इंजिन तासन्‌तास चालू राहते आणि मीटरवर एक किलोमीटरही चढत नाही, पण ऑइलमध्ये काजळी आणि न जळलेले डिझेल मात्र उतरत राहते. एक तास आयडलिंग म्हणजे साधारण ४० किलोमीटर धाव असा ढोबळ हिशेब वाहतूकदार धरतात आणि तो व्यवहारात उपयोगी पडतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे इंजिनाला अवर-मीटर बसवणे. तो ऑइल प्रेशरच्या स्विचवरून जोडला की इंजिन खरोखर चालू असेल तेवढेच तास मोजतो.

ऑइल नेहमी गरम इंजिनातून काढावे, म्हणजे तळाशी बसलेला गाळ त्याच्याबरोबर वाहून येतो. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, प्लगचा तांब्याचा वायसर नवा घालावा. जुना फिल्टर फेकण्यापूर्वी कापून त्याच्या कागदाच्या घड्या उन्हात उलगडून पाहाव्यात: काळी काजळी अपेक्षितच असते, पण तांबूस किंवा रुपेरी चमकणारे कण दिसले तर बेअरिंगची झीज सुरू झाली आहे आणि ती हंगामात थांबणार नाही. ग्रेडसाठी इंजिनाच्या पुस्तिकेतील शिफारस पाळावी. या पिढीच्या बहुतेक इंजिनांना आपल्या हवामानात १५-डब्ल्यू-४० चालते, आणि २००२ मध्ये आलेल्या सीआय-४ दर्जाचे ऑइल त्यांच्या मूळ गरजेपेक्षा वरचढच ठरते. मात्र वर्षानुवर्षे हलक्या दर्जाच्या ऑइलवर चाललेल्या इंजिनात असे ऑइल घातले की जुना चिखल सुटू लागतो, म्हणून पहिल्या खेपेला ते आणि फिल्टर निम्म्या मुदतीतच बदलावे.

नवा फिल्टर बसवल्यावर लगेच इंजिन चालू करू नये. स्टॉपची केबल ओढून धरून, म्हणजे डिझेल बंद ठेवून, थोडाथोडा वेळ सेल्फ मारावा आणि ऑइल प्रेशरचा काटा हलल्यावरच इंजिन चालू करावे. टर्बो असलेल्या इंजिनात हे टाळता कामा नये, कारण टर्बोचा दांडा ऑइलच्या पापुद्र्यावरच तरंगतो.

डिपस्टिकवर पातळी कमी झाली की सगळ्यांच्या लक्षात येते. वाढलेली पातळी अधिक घातक असते. ऑइल वाढले आणि त्याला डिझेलचा वास आला तर फीड पंप किंवा मुख्य पंपाच्या सीलमधून डिझेल चेंबरमध्ये उतरते आहे, आणि दुधाळ चहासारखा रंग आला तर पाणी शिरले आहे. दोन्ही प्रसंगी कारण सापडेपर्यंत गाडी चालवू नये. काढलेले ऑइल ओढ्यात, शेताच्या बांधावर किंवा शौचखड्ड्यात ओतू नये. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत ते येते, आणि कृष्णेच्या काठच्या विहिरींना तर ते थेट बाधते. बंद डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे द्यावे.

हवा

५,६७५ सीसीचे चार स्ट्रोकचे इंजिन २,४०० फेऱ्यांवर दर मिनिटाला, सैद्धांतिक हिशेबाने, सुमारे ६,८०० लिटर हवा ओढते. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ किंवा माण-खटावच्या पांढऱ्या धुळीत, पुढे गेलेल्या ट्रॅक्टरचा धुरळा खात, फडापर्यंत जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत या आकड्याचा अर्थ भयंकर आहे. धुळीतील सिलिकाचे कण रिंगा आणि बोअर यांच्यामध्ये पॉलिश पेपरचे काम करतात, आणि एका हंगामात इंजिन वर्षांनी म्हातारे होते.

जुन्या गाड्यांतील ऑइल-बाथ एअर क्लीनर (हवेतील धूळ ऑइलमध्ये पकडणारा) असेल तर त्याचे भांडे उतरवून तळाचा चिखल काढावा, जाळी डिझेलमध्ये खळबळून पूर्ण निथळू द्यावी आणि ऑइल खुणेपर्यंतच भरावे. खुणेच्या वर भरलेले ऑइल इंजिनात ओढले जाते, आणि मग स्टॉप ओढूनही इंजिन थांबत नाही, कारण ते डिझेलवर नाही तर त्या ऑइलवर धावत असते. वर सांगितलेली फळी याचसाठी आहे: अशा वेळी हवेच्या तोंडावर फळी घट्ट दाबून हवा तोडावी. हात किंवा फडके लावू नये, ते आत ओढले जाते.

कागदी फिल्टर असल्यास कॉम्प्रेसरची हवा आतून बाहेर, साधारण ३० पीएसआयच्या आतच मारावी. टायरच्या दुकानातील पूर्ण दाब मारला की कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात. फिल्टर आपटून झटकू नये. आतील छोटा सेफ्टी फिल्टर कधीही साफ करायचा नसतो, तो बदलायचाच असतो. त्यानंतर क्लीनर ते मॅनिफोल्ड या वाटेवरचा प्रत्येक रबरी पाइप काढून त्याच्या आतून पांढरे स्वच्छ फडके फिरवावे. फडक्यावर धुळीची पुसट रेघ जरी उमटली तरी हवा फिल्टरला वळसा घालून आत येत आहे, आणि महागडा फिल्टर नुसताच शोभेला आहे.

डिझेल आणि त्यातली हवा काढणे

पावसाळ्यात अर्धवट रिकाम्या टाकीत दमट हवेचे पाणी सुटते आणि तळाशी साठते. उभ्या गाडीची टाकी म्हणून भरलेली ठेवावी, आणि काम सुरू करताना आदल्या दिवसापासून न हललेल्या गाडीच्या टाकीचा तळाचा प्लग उघडून पहिला लिटरभर काचेच्या बरणीत घ्यावा. पाणी खाली वेगळे दिसते. गंज आणि काळसर बुळबुळीत थर दिसला तर टाकी उतरवून धुण्याला पर्याय नाही.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ दर्जाचे डिझेल मिळते आणि त्यात गंधकाचे प्रमाण १० पीपीएमपर्यंतच असते. ऑइलच्या दृष्टीने हे चांगलेच झाले, कारण गंधकामुळे होणारे आम्ल कमी झाले; पण जुन्या पंपांतील कडक झालेली रबरी सीले आणि नळ्या या काळात पाझरू लागल्या तर नवल नाही. पंप पुढच्या वेळी दुकानात जाईल तेव्हा पूर्ण सील किट बदलून घ्यावा. काही इनलाइन पंपांना इंजिनाचे ऑइल मिळत नाही, त्यांचे स्वतःचे ऑइल असते. तशा पंपाची पातळी पाहणे पुष्कळ जण विसरतात.

फिल्टर बदलताना नव्या फिल्टरमध्ये डब्यातून डिझेल ओतून तो भरण्याची पद्धत सोडून द्यावी, कारण ते न गाळलेले डिझेल थेट पंपात जाते. फिल्टर कोरडाच बसवावा आणि हँड पंपाने भरावा. प्रथम फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत हँड पंप मारावा, धार चालू असतानाच स्क्रू कसावा. मग इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूशी हेच करावे. तरीही इंजिन चालू झाले नाही तर दोन-तीन इंजेक्टरांचे नट ढिले करून, ॲक्सिलरेटर पूर्ण देऊन सेल्फ मारावा आणि नटांपाशी डिझेल दिसताच ते कसावेत. एवढे करून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हवा धरत असेल तर टाकी ते फीड पंप या ओढणाऱ्या बाजूला कोठेतरी हवा शिरते आहे. या बाजूच्या गळतीतून डिझेल बाहेर दिसेलच असे नाही, म्हणून तेथील प्रत्येक बँजो वायसर नवा घालणे हा शोधण्यापेक्षा सोपा उपाय आहे.

इंजेक्टर तपासणीसाठी काढताना आजूबाजूची जागा आधी ब्रश आणि डिझेलने धुवावी, उघड्या पाइपांना टोप्या घालाव्यात, आणि खाली राहिलेला जुना तांब्याचा वायसर हुकाने काढावा. तो तसाच राहिला आणि वर दुसरा बसला की नोझलची उंची बदलते, फवारा पिस्टनच्या वाटीत चुकीच्या ठिकाणी पडतो, आणि मग दोष कितीही शोधला तरी सापडत नाही.

टॅपेट

टाटाच्या ६९७ सारख्या सहा सिलिंडरच्या इंजिनांचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-३-६-२-४ असतो (इतर इंजिनांचा पुस्तिकेत पाहावा), आणि त्यावरूनच टॅपेटची, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातील मोकळीक सेट करण्याची, सोपी रीत निघते. सिलिंडरांच्या जोड्या १-६, ५-२ आणि ३-४ अशा आहेत. जोडीतील दोन्ही पिस्टन एकदम वर येतात, पण एकाचा कॉम्प्रेशनचा शेवट असतो तेव्हा दुसऱ्याचा एक्झॉस्ट बंद होऊन इनलेट उघडू लागलेला असतो. इंजिन पूर्ण थंड असावे, स्टॉप ओढलेला असावा, गाडी न्यूट्रलमध्ये असावी. इंजेक्टर बाहेर काढलेले असतील तर पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन एका हाताने फिरते.

व्हॉल्व्ह कव्हर काढून सहाव्या सिलिंडरच्या दोन्ही रॉकरांवर नजर ठेवावी आणि इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हळूहळू फिरवावे. एक्झॉस्टचा रॉकर वर येत येत थांबतो आणि त्याच क्षणी इनलेटचा रॉकर खाली दबायला लागतो. या झुलत्या क्षणी फिरवणे थांबवावे. आता पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह निश्चित बंद आहेत आणि तेच सेट करावयाचे आहेत. पुढे दुसरा झुलताना पाचवा, चौथा झुलताना तिसरा, पहिला झुलताना सहावा, पाचवा झुलताना दुसरा आणि तिसरा झुलताना चौथा असा क्रम लागतो, आणि इंजिनाच्या दोन फेऱ्यांत काम पुरे होते. चार सिलिंडरच्या इंजिनात १-३-४-२ या ऑर्डरप्रमाणे जोड्या १-४ आणि ३-२ अशा होतात.

मापे आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतून किंवा प्लेटवरून घ्यावीत. टाटाच्या ६९७ सारख्या थंड इंजिनाला इनलेट ०.२० आणि एक्झॉस्ट ०.३० मिलिमीटर ही मापे प्रचलित आहेत, आणि एक्झॉस्ट अधिक तापतो म्हणून त्याला जागा जास्त असते. फिलर गेज सरकवताना किंचित ओढ लागली पाहिजे. लॉक नट कसताना स्क्रूही थोडा फिरतो, म्हणून कसल्यानंतर तेच माप पुन्हा घालून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. रॉकरच्या टोकाला झिजून खड्डा पडला असेल तर गेज त्या खड्ड्यावरून पुलासारखे जाते आणि मोकळीक प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवते. तसा रॉकर बदलावा किंवा ग्राइंड करून घ्यावा. 'थोडे वाजले तरी चालेल' हे ढिल्या टॅपेटबाबत थोडेफार खरे आहे, पण आवळ टॅपेट वाजत नाही आणि गुपचूप एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जाळतो.

पाणी

आपल्या भागातील बोअरवेलचे पाणी जड आहे; किटलीत जो पांढरा थर बसतो तोच इंजिनाच्या जॅकेटमध्ये आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. रेडिएटरमध्ये इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणे कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी यांचे मिश्रण घालावे. कूलंटचे काम येथे थंडीपासून वाचवण्याचे नाही. गंज रोखणे, उत्कलनबिंदू वाढवणे, आणि वेट लायनर असलेल्या इंजिनात लायनरच्या बाहेरच्या अंगाला बुडबुड्यांनी पडणारी भोके टाळणे, यासाठी ते लागते. भरण्यापूर्वी जुने पाणी काढून, स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुवावे, आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेले पाचटाचे तुकडे आणि किडे इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला पाणी मारून काढावेत.

गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा इतकी रुळली आहे की अनेक गाड्यांत तो मुळी सापडतच नाही. तो काढल्यावर इंजिन आयडलला आणि रिकाम्या गाडीत थंड राहते, डिझेल जास्त खाते, ऑइलमध्ये पाणी आणि काजळी धरते आणि बोअर लवकर झिजतो. चढाला मात्र गरम व्हायचे ते होतेच, कारण मूळ दोष रेडिएटर, पट्टा, पंख्याचे आवरण किंवा पंप यांत तसाच राहिलेला असतो. नवा थर्मोस्टॅट पातेल्यातील पाण्यात टाकून, थर्मामीटर धरून, त्यावर कोरलेल्या तापमानाला उघडतो की नाही हे पाहूनच बसवावा.

थंड इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण काढून इंजिन चालू करावे आणि पाण्यात पाहावे. सुरुवातीचे चार-दोन बुडबुडे सोडून दिले तरी ते सतत येत राहिले आणि फेऱ्या वाढवल्यावर वाढले, तर गास्केटमधून गॅस पाण्यात शिरतो आहे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये हे माहीत नसलेला माणूस नाही, तरीही दर उन्हाळ्यात खंबाटकी आणि कुंभार्ली घाटांच्या माथ्यावर कोणीतरी तोंड भाजून घेतो.

पुरात उभी राहिलेली गाडी

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत सांगली आणि कृष्णाकाठच्या गावांतील अनेक गाड्या पाण्यात होत्या, म्हणून हे येथे सांगितले पाहिजे. इंजिन पाण्यात बुडाले असेल तर सेल्फ मारू नये. पाणी दाबले जात नाही; सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी सोडावी, ऑइल, डिझेल आणि एअर क्लीनरमधील सर्व पाणी काढावे, सर्व इंजेक्टर काढावेत आणि इंजिन हाताने फिरवून सिलिंडरमधील पाणी बाहेर पडू द्यावे. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडून पुन्हा फिरवावे, आणि पंप दुकानात द्यावा, कारण त्याच्या एलिमेंटला पाण्याचा गंज सहन होत नाही. पहिल्या चालू करण्यानंतर थोड्याच तासांत ऑइल पुन्हा बदलावे. उशीर जितका होईल तितके रिंगा बोअरला धरण्याचे भय वाढते. जुनी गाडी घेताना अल्टरनेटरच्या आतील आणि वायरिंगच्या नळीतील वाळलेला बारीक गाळ पाहिला तर ती पुरात होती का हे बहुधा कळते.

सुधारणा कोठे कराव्यात

जुन्या इंजिनाची सुधारणा म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे पिकअप येतो आणि पिकअप म्हटला की पंपाचा स्क्रू. पंपावरचे शिशाचे सील तोडून डिझेल वाढवले की गाडी दोन दिवस जोरात पळते हे खरे आहे. परंतु तेवढे डिझेल जाळायला हवा वाढलेली नसते, म्हणून काळा धूर येतो, एक्झॉस्टचे तापमान चढते, बोअरवरचे ऑइल धुतले जाते, आणि भरल्या गाडीने लांब चढ चढताना पिस्टनचा माथा वितळण्यापर्यंत मजल जाते. माझे आग्रहाचे सांगणे आहे की या इंजिनांत पैसा घालायचा तो हवा, गाळणी, थंडावा आणि मापक यांत घालावा.

यांत पहिली सुधारणा म्हणजे ऑइल-बाथच्या जागी सायक्लोन असलेला दोन थरांचा कोरडा एअर क्लीनर, इंजिनाच्या हवेच्या गरजेला पुरेल अशा मापाचा, आणि त्यावर चोंदल्याची खूण दाखवणारा इंडिकेटर. दुसरी, टाकी आणि फीड पंप यांच्यामध्ये पारदर्शक भांड्याचा वॉटर सेपरेटर. सकाळी भांड्याकडे पाहिले की डिझेलची अवस्था कळते. तिसरी, खरे आकडे दाखवणारे यांत्रिक ऑइल प्रेशर गेज आणि पाण्याचे तापमापक, कारण दिवा लागतो तेव्हा सहसा उशीर झालेला असतो. चौथी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे: इंजिन, चेसिस आणि बॅटरी यांच्यातील अर्थिंगच्या नव्या जाड पट्ट्या. सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत मल्टिमीटर लावावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले तर दोष बॅटरीत नाही, त्या पट्टीत आहे. रेडिएटरला कूलंट परत घेणारी बाटली आणि पंख्याचे धड आवरण हीदेखील याच रांगेत बसतात.

साध्या इंजिनाला बाहेरून टर्बो जोडून देणारे कारागीर आहेत. मी त्या वाटेला जाऊ नका असे सांगेन. कारखान्यातून टर्बोसह आलेल्या इंजिनाचे पिस्टन, कॉम्प्रेशन रेशो, व्हॉल्व्ह, पिस्टनला खालून ऑइलने थंड करण्याची सोय आणि पंप हे सगळे वेगळे असते. नुसता टर्बो लावला की या प्रत्येक भागावर त्याने न पेलण्याजोगा भार येतो. शक्तीच हवी असेल तर त्याच गाडीसाठी कंपनीने दिलेले पूर्ण टर्बो इंजिन शोधावे, आणि ते बसवण्यापूर्वी आपल्या आरटीओची, मग ती एमएच १०, ११ किंवा ५० यांपैकी कोणतीही असो, परवानगी घ्यावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. इंजिन क्रमांक पुस्तकात चढलेला नसेल तर फिटनेस अडते आणि अपघातात विमाही अडू शकतो. पीयूसीमध्ये बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाड्यांसाठी धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराची दाटी मोजण्याचे एकक), म्हणजे के-मूल्य २.४५ आहे, वर सांगितल्याप्रमाणे हवा, नोझल आणि टॅपेट नीट असलेले जुने इंजिन या मर्यादेत आरामात बसते.

पहिली खेप

सर्व काम झाल्यावर पहिले अर्धा तास इंजिन मध्यम फेऱ्यांवर, जागेवरच चालवावे आणि प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून पाहावा. मग रिकामी गाडी जवळच्या सरळ रस्त्यावर न्यावी, थंड झाल्यावर पाणी, ऑइल आणि पट्ट्याचा ताण तपासावा. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० ते १५ मिलिमीटर दबावा. त्यानंतरच भरलेली गाडी चढाला घालावी. टर्बो असेल तर घाटमाथ्यावर गाडी थांबवल्यावर इंजिन दोन-तीन मिनिटे आयडलला राहू द्यावे आणि मगच बंद करावे. हेड उतरवले असल्यास पुस्तिकेत सांगितले असेल तेथे ते टॉर्क पान्याने पुन्हा कसावे, आणि ते कसल्यावर टॅपेट पुन्हा मोजावेत, कारण हेड दबले की मापे बदलतात. यू-नळीचा आकडा, ऑइल प्रेशर आणि पाण्याचे तापमान या वेळी पुन्हा घेऊन वहीत आधीच्या नोंदींच्या शेजारी लिहावेत, आणि गाळप सुरू होण्यापूर्वी एकदा फिल्टरांचा आणि पट्ट्याचा एक सुटा संच, ब्लीड स्क्रूचे व बँजोचे थोडे वायसर, पाच लिटर ऑइल आणि पाच लिटर मिसळलेले कूलंट केबिनच्या मागच्या पेटीत ठेवावे.